उन्हाळी, मुतखडा आणि संकोच

आपल्या घरांत कोणास पडसें झालें, ज्वर आला, पोट दुखूं लागलें, तर त्याची वार्ता माजघरापासून ओटीपर्यंत घटकेंत पोंचते. आजी सुंठ उगाळते, काकू पथ्याचा मऊ भात चढविते आणि थोरले काका डॉक्टरांकडे जाण्यासाठीं अंगांत सदरा घालतात. परंतु त्याच घरांतील वीस-बावीस वर्षांच्या मुलास लघवीची आग होऊं लागली, किंवा रात्रीं तीन-चार वेळां उठावें लागलें, तर तो कोणाशींही बोलत नाहीं. आईजवळ हा विषय काढवत नाहीं, वडिलांसमोर जीभ रेटत नाहीं, आणि मित्र जें सांगतात तें बहुधा अर्धें खोटें असतें. एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते. पण या एका दुखण्यापुरता तरुण मुलगा भरल्या घरांत एकटा पडतो. प्रस्तुत लेख त्या मुलासाठीं आहे, आणि त्याहून अधिक त्याच्या घरच्या वडील माणसांसाठीं आहे.

या विषयाचा विचार करावयास जालना जिल्हा हें फार बोलकें उदाहरण आहे. १ मे १९८१ रोजीं निराळा झालेला हा जिल्हा मराठवाड्याच्या पठारावर वसलेला. पाऊस बेताचा, आणि वैशाखांत पारा ४२ अंशांपर्यंत सहज चढतो. ‘जालना, सोने का पालना’ असें या गांवाविषयीं जुने लोक मोठ्या कौतुकानें म्हणत. आजही बियाण्यांचा मोठा व्यापार व लोखंडी सळ्यांचे कारखाने यांमुळें गांवांत पैशाची उलाढाल थोडी नाहीं. उणीव आहे ती पाण्याची. २०१२-१३ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि खेडोपाडीं टँकरपुढें घागरींच्या रांगा लागल्या. जेथें पाणी घागरीनें मोजून घ्यावें लागतें, तेथें पिण्याच्या पाण्याचीही काटकसर नकळत अंगवळणीं पडते. भट्टीसमोर उभा राहणारा कामगार, अंबड-घनसावंगीकडे मळ्यांत राबणारा शेतकऱ्याचा मुलगा, दिवसभर गाडी हांकणारा चालक, आणि पत्र्याच्या खोलींत स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करीत बसलेला विद्यार्थी, हे चौघेही एकाच चुकीचे धनी होतात. अंगांतून घाम जातो तितकें पाणी पोटांत जात नाहीं.

त्याचा परिणाम कसा होतो तें पाहावें. आपलीं दोन मूत्रपिंडें दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळतात. त्यांतील बहुतेक सगळा पुन्हां रक्तांत परत जातो आणि साधारण दीड लिटर मूत्र बनून बाहेर पडतें. घाम अतोनात गेला कीं शरीर पाणी राखूं लागतें, मूत्र थोडें व दाट होतें, त्याचा रंग गडद पिवळा दिसतो व जातांना आग होते. यालाच आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ असें म्हणतात. नांव अगदीं यथार्थ आहे. अशा वेळीं घरांतील बायका धण्याचें पाणी, सब्जाचें सरबत, ताक देतात व बहुधा उतार पडतो. मात्र गुण धण्यापेक्षां पाण्याचा अधिक, एवढें ध्यानांत ठेवावें. भरपूर पाणी पिऊनही दुसऱ्या दिवसापर्यंत आग थांबली नाहीं, किंवा सोबत ताप, थंडी, रक्त अथवा पू दिसला, तर ती उन्हाळी नव्हे. तेथें घरगुती उपायांची हद्द संपली.

दाट मूत्राचें दुसरें फळ म्हणजे मुतखडा. खडीसाखर कशी करतात हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस ही क्रिया समजावून सांगणें नको. पाक दाट झाला कीं त्यांत सोडलेल्या दोऱ्याभोंवतीं खडे जमूं लागतात. मूत्रपिंडांतही क्षार दाटले म्हणजे एखाद्या बारीकशा कणाभोंवतीं थरावर थर बसतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि हा विकार तरुण व मध्यम वयाच्या पुरुषांत विशेष आढळतो. खडा मूत्रपिंडांत स्वस्थ असेपर्यंत माणसास पत्ताही नसतो. तो मूत्रनलिकेंत उतरला कीं कमरेच्या एका बाजूस कळ उठते आणि ती जांघेपर्यंत जाते. रोगी एका कुशीवर स्थिर राहूं शकत नाहीं, उठतो, बसतो, ओकतो. ज्यानें ही कळ एकदां सोसली तो तिला जन्मभर विसरत नाहीं.

आपल्या पूर्वजांस हा रोग चांगला ठाऊक होता. सुश्रुतानें अश्मरीचे चार प्रकार सांगितले असून मूत्राशयांतील खडा शस्त्रानें काढण्याची रीत वर्णिली आहे. पण शस्त्रक्रियेनेंही यश निश्चित नाहीं म्हणून ती राजाची अनुज्ञा घेऊन करावी, असा इशाराही त्यानें देऊन ठेविला. वैद्याचा हा प्रांजळपणा आम्हांस त्याच्या शस्त्रकौशल्याइतकाच मोठा वाटतो. आज परिस्थिति पार पालटली आहे. १९८० मध्यें म्युनिक येथें बाहेरून ध्वनिलहरींचे आघात देऊन खडा फोडण्याचा पहिला प्रयोग माणसावर झाला. त्याखेरीज दुर्बिणीनें खडा काढण्याची सोयही मोठ्या शहरांतून झाली आहे. पांच मिलिमीटरांहून लहान खडा बहुधा आपोआप पडतो. तो पडण्याच्या दिवसांत लघवी स्वच्छ फडक्यांतून गाळावी, आणि खडा सांपडल्यास कागदांत गुंडाळून डॉक्टरांस नेऊन द्यावा. तो कशाचा बनला आहे हें कळलें म्हणजे पुढचें पथ्य ठरतें. पुष्कळ लोक तो फेंकून तरी देतात, नाहीं तर शेजाऱ्यांस दाखविण्यासाठीं डबींत जपून ठेवतात!

पथ्याच्या बाबतींत घरोघर कांहीं ठाम समजुती आहेत, त्यांचा थोडा समाचार घेतला पाहिजे. पहिली अशी कीं, बोअरचें जड पाणी प्याल्यानें खडा होतो. पाण्याच्या जडपणाचा दोष आहे म्हणावयास बळकट पुरावा नाहीं; पाण्याच्या कमतरतेचा मात्र निर्विवाद आहे. इटलींतील पार्मा येथील वैद्यांनीं, प्रथमच खडा झालेल्या १९९ रोग्यांचे दोन गट केले. एका गटास दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकें पाणी पिण्यास सांगितलें, दुसऱ्यास कांहींच सांगितलें नाहीं. पांच वर्षांत पहिल्या गटांत शंभरीं १२ जणांस, व दुसऱ्यांत २७ जणांस पुन्हां खडा झाला. हें संशोधन १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. औषध म्हणाल तर फक्त पाणी! दुसरी समजूत, खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दहीं तोडावें, ही होय. त्याच पार्म्याच्या मंडळींनीं मूत्रावाटे कॅल्शियम अधिक जाणारे १२० पुरुष घेऊन पाहिलें. ज्यांनीं दूधदुभतें नेहमींप्रमाणें ठेवून मीठ व मांस कमी केलें, त्यांच्यांत खडा परतण्याचें प्रमाण दूध तोडणाऱ्यांच्या निम्म्याजवळ आलें. कारण जेवणांतील कॅल्शियम आंतड्यांतच ऑक्झलेटला बांधून टाकतें. आमच्या घरांतून मांसाचा प्रश्न नाहीं. पण लोणचें, पापड, सांडगे, शेव-चिवडा यांवाटे जें मीठ जातें त्याचा हिशेब गृहिणींनीं एकदां अवश्य करून पाहावा. पालक व काजू बेतानें असावेत. लिंबू, संत्रें यांतील सायट्रेट खडा बनूं देत नाहीं, तेव्हां लिंबाचें पाणी चांगलें, मात्र त्यांत मुठीनें साखर-मीठ नसावें. कुळथाच्या कढणानें अपाय नाहीं. पण त्याच्या भरंवशावर मोठा खडा महिनोन्महिने ठेवणें म्हणजे मूत्रपिंड गमावण्याचा मार्ग आहे. नळी तुंबली कीं मागचें मूत्रपिंड फुगत जातें, आणि कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असें मुळींच नाहीं. वेदनाशामक गोळ्या दुकानांतून परस्पर आणून वारंवार घेणें, तेंही अंगांत पाणी कमी असतांना, हें मूत्रपिंडावर दुहेरी संकट होय.

आतां जंतुदोषाविषयीं. स्त्रियांस हा त्रास फार होतो, कारण त्यांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर असतो. पुरुषाचा मूत्रमार्ग वीस सेंटिमीटरांच्या आसपास असल्यामुळें जंतु सहसा वर चढत नाहींत. म्हणूनच तरुण पुरुषास असा दोष झाला तर केवळ गोळ्या देऊन न थांबतां, कोठें खडा, अडथळा, पौरुषग्रंथीची सूज वा मधुमेह तर नाहीं ना, हें पाहावें लागतें. परगांवीं राहणाऱ्या मुलाच्या लघवीवाटे पू येत असेल, तर शरीरसंबंधांतून लागणाऱ्या परम्यासारख्या रोगाचीही परीक्षा करणें अटळ आहे. हें लिहितांना संकोच वाटतो. पण न लिहिल्यानें तो रोग थांबत नाहीं, आणि विवाहित पुरुष असेल तर निरपराध पत्नीस लागतो. योग्य औषधानें तो बरा होतो. मात्र उपचार दोघांनींही घ्यावा लागतो आणि तो अर्ध्यावर सोडून चालत नाहीं.

पण तरुणांचें खरें दुःख पुष्कळदां रोगाचें नसून भीतीचें असतें. सकाळीं किंवा जेवणानंतर लघवी पांढुरकी, गढूळ दिसते. मुलगा घाबरतो. शरीरांतील ‘धातु’ वाहून चालला, आपण खंगणार, लग्नास नालायक ठरणार, असें त्याच्या मनानें घेतलें कीं त्याची झोंप, भूक, अभ्यास सारेंच जातें. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो हें वाक्य त्यानें कोठें तरी ऐकलेलें असतें. तें निखालस खोटें आहे. वीर्य म्हणजे आटवलेलें रक्त नव्हे. स्वप्नावस्था हा तारुण्यांतील शरीरधर्म आहे. आणि तो पांढरा गढूळपणा? बहुतेक वेळां ते फॉस्फेटचे क्षार असतात. डॉक्टर परीक्षानळींत लघवी घेऊन त्यांत सिरक्याच्या जातीच्या आम्लाचे चार थेंब टाकतात, आणि डोळ्यांदेखत ती पाण्यासारखी नितळ होते. वर्षभराची चिंता चार थेंबांत विरघळावी, असा हा प्रसंग असतो! गढूळपणा तसाच राहिला तर पुढील तपासणी करावी लागते, एवढेंच.

प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतून या भीतीविरुद्ध लेखणी झिजविली. त्यांच्या वांट्यास खटले व उपहास आला. १९६० मध्यें डॉ. नरेंद्रनाथ विग या मानसरोगतज्ज्ञांनीं या चिंतेस वैद्यकीय नांव दिलें. १९५४ च्या कायद्यानें असल्या रामबाण औषधांच्या जाहिरातींस बंदी आहे, व त्या कायद्याच्या यादींत मूत्रपिंडांतील खडा आणि मधुमेह हेही रोग आहेत. तरी स्थानकाबाहेरील भिंतीवर ‘गुप्तरोगां’चे पत्ते रंगविलेले असतात, आणि तेच आतां मुलाच्या हातांतील फोनवर येतात. त्या पत्त्यावर मुलगा जातो, कारण घरांत त्यास दुसरा पत्ता कोणीं दिलेला नसतो.

मधुमेहाविषयीं थोडक्यांत सांगतों. तरुण मुलास अकस्मात् तहान फार, लघवी फार, आणि भूक असूनही वजन उतरत असेल, तर त्याच दिवशीं रक्तांतील साखर पाहावी. १९२२ पूर्वीं या वयांतील मधुमेह म्हणजे मृत्यूच होता. इन्शुलिनमुळें तो आज पुष्कळ वर्षें सुखानें जगतो, पण निदानास उशीर झाला तर जिवावर बेततें. तसेंच, खड्याच्या कळेबरोबर थंडी वाजून ताप येणें, लघवी पूर्ण बंद होणें, किंवा वृषणांत एकाएकीं तीव्र वेदना उठणें, यांपैकीं कांहीं झाल्यास रात्र असली तरी सकाळची वाट पाहूं नये. वृषणाचा पीळ साधारण सहा तासांच्या आंत सोडविला तरच तो वांचण्याची आशा असते, आणि नेमका याच दुखण्यांत मुलगा लाजेनें सकाळपर्यंत गप्प राहतो.

मुलास विचारावें कोणीं? आमच्या मतें वडिलांपेक्षां मामा, धाकटा काका किंवा थोरल्या बहिणीचे यजमान हे अधिक उपयोगी पडतात. चारचौघांत नव्हे, तर संध्याकाळीं फिरावयास जातांना, अगदीं सहज विचारावें. सुट्टींत घरीं आलेला मुलगा सारखा मोरीकडे जातो, किंवा प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणीच पीत नाहीं, असें आईच्या ध्यानांत आलें तर तिनें तें त्या माणसाच्या कानावर घालावें. डॉक्टरांकडे त्याच्यासोबत अवश्य जावें. आंत मात्र त्यास एकट्यास पाठवावें आणि आपण बाहेरच्या बांकावर वर्तमानपत्र वाचीत बसावें. बाहेर आल्यावर ‘काय म्हणाले?’ असें लगेच विचारूं नये. वाटेंत रसाचें दुकान लागलें तर मोसंबीचा एक पेला, बर्फ व मीठ न घालतां, त्यास घेऊन द्यावा.