पहिली शूटिंग रायफल घेताना नेमकं काय बघायचं?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं कांबळवाडी, नोकरी मध्य रेल्वेत, सराव पुण्याच्या बालेवाडीत. असं पदक आलं की घरातलं पोरगं म्हणतं, मलाही रायफल हवी. आणि किंमत ऐकून आईबाबा गप्प होतात, कारण स्पर्धेच्या दर्जाची परदेशी एअर रायफल लाखांच्या घरात जाते.

मुळात स्वप्नीलसारखी .२२ रायफल पहिली म्हणून घेता येत नाही. तिला शस्त्र परवाना लागतो आणि तो साधारण २१ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. म्हणून सुरुवात १० मीटर एअर रायफलनं होते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र मात्र मागतोच.

१० मीटर म्हणजे सोपं, असं समजू नका. ५० मीटरच्या टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, १० मीटरवर ते फक्त अर्ध्या मिलिमीटरचं. अंतर पाचपट कमी, ठिपका वीसपट लहान!

त्यामुळे ब्रँडपेक्षा महत्त्वाचं काय, तर रायफल अंगाला बसते का. एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं आणि ती धरून उभ्यानं ६० शॉट मारायचे असतात. दस्ता लांब असला की मान वाकते, पाठ दुखते. वाढत्या वयाच्या मुलाला दस्त्याची लांबी आणि गालाचा आधार, दोन्ही कमीजास्त करता येणारी रायफलच घ्यावी.

डोळाही तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या वस्तूवर बोट धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला बोट जागचं हललेलं दिसत नाही, तो नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा तो डावा निघाला, तर खरेदीआधी कोचशी बोलाच.

घाई तर नकोच. आधी काही महिने रेंजवरच्या रायफलवर सराव करावा. शिवाय जॅकेट, पँट, बूट, छर्रे हा खर्च वेगळाच.

सेकंड हँड घेताय? मग चकचकीत नळीआधी हवेच्या सिलेंडरवरची तारीख वाचा. मॅच रायफलच्या सिलेंडरची मुदत बनवल्यापासून १० वर्षं असते. ती संपलेली असेल तर स्पर्धेत ते चालत नाही, म्हणजे नव्या सिलेंडरचा खर्च आलाच. किंमत ठरवताना तो आधी वजा करून घ्या.