मोटार अपघात नुकसानभरपाईचे प्रकार

मोटार अपघात नुकसानभरपाई म्हणजे वाहन अपघातातील जखमी व्यक्तीस, किंवा मृत्यू झाल्यास तिच्या वारसांस, भारतातील मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये मिळणारी रक्कम होय. दावा कलम १६६ अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर चालतो व रक्कम बहुधा विमा कंपनी भरते. भरपाई 'न्याय्य' असावी एवढेच कलम १६८ सांगते. तिचे घटक मुख्यतः सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून ठरले आहेत.

आर्थिक भरपाईत उपचार, प्रवास, शुश्रूषा यांचा खर्च आणि बुडालेले व पुढे बुडणारे उत्पन्न येते. वेदना, मानसिक यातना, जीवनातील आनंदास मुकणे यांची भरपाई बिगरआर्थिक मानली जाते. तिला पावती नसते. म्हणून तेथे न्यायाधिकरणाच्या विवेकास मोठा वाव राहतो.

सर्वाधिक वाद कायम अपंगत्वावरून होतात. वैद्यकीय प्रमाणपत्रातील टक्केवारी म्हणजेच अर्जनक्षमतेतील घट नव्हे, असे राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालात स्पष्ट झाले. डावा हात गमावल्यास वाहनचालक किंवा सुतार यांची अर्जनक्षमता जवळपास पूर्ण नष्ट होऊ शकते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. कारकुनास उत्पन्नाची भरपाई कमी मिळाली, तरी जीवनातील आनंद गमावल्याबद्दलची रक्कम त्याला मिळतेच.

मृत्यूच्या दाव्यात सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या निकालांतील गुणक पद्धत वापरतात. समजा, ३० वर्षे वयाच्या स्वयंरोजगारी व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये होते व चार जण तिच्यावर अवलंबून होते. भावी उत्पन्नवाढीचे ४० टक्के मिळवून ३,३६,००० रुपये होतात. मृताच्या वैयक्तिक खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करून उरलेल्या २,५२,००० रुपयांस १७ ने गुणले की ४२,८४,००० रुपये येतात. त्यापुढे सहवास गमावल्याबद्दल ४०,०००, संपदाहानीसाठी १५,००० व अंत्यविधीसाठी १५,००० रुपये या प्रणय सेठी निकालातील रकमा, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ धरूनही, अल्पच ठरतात.

मृताच्या आयुर्विम्याचे पैसे या भरपाईतून वजा होत नाहीत. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो खटल्यात (१९९८) हे तत्त्व मांडले गेले.

चूक सिद्ध न करताही कलम १६४ अन्वये मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन वाहन पळून गेल्यास कलम १६१ मधील योजनेतून अनुक्रमे २ लाख व ५०,००० रुपये मिळतात.