नकाशात आमची वस्ती कुठे आहे?

१९०१ साली साताऱ्याहून मसूर स्टेशनमार्गे गोरेगावला निघालेल्या लहानग्या बाबासाहेबांना वाटेत कुणी घोटभर पाणी दिले नाही. १९२७ साली त्यांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. पुढे संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर 'स्नानघाट' हा शब्द आला. सार्वजनिक घाटावर जातीच्या कारणाने कुणालाही अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते.

आज अडवणूक वेगळ्या वाटेने येते. शहराचा आराखडा आता संगणकावर, जीआयएस नकाशावर तयार होतो. युरोपात २०१६ ते २०२० या काळात 'ब्लूहेल्थ' प्रकल्पाने पाणवठ्यांपर्यंत पोहोचता येते का, काठ सुरक्षित आहे का, त्याने आरोग्य सुधारते का, हे तपासण्याची साधने बनवली. आमचा यंत्राला विरोध नाही. आमचा सवाल एवढाच की, मोजणी कुणाच्या दारापासून सुरू होणार?

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट यांसारख्या सखल भागांतील माणसांना तर धोक्याच्या पातळीआधीच बिऱ्हाड हलवावे लागते. पुरात नदी ज्यांच्या दारात येते, त्यांना उरलेले दहा महिने नदीकाठी मोकळा श्वास घेता येतो का? पूररेषेच्या नकाशावर हे उत्तर मिळत नाही. साताऱ्यातील मंगळवार तळे, मोती तळे, महादरे तळे यांनाही हाच सवाल लागू आहे. तळ्याचा निळा ठिपका दिसतो. वस्तीतून तिथे जाणारी वाट, मधली भिंत, उघडे गटार, बंद दिवा दिसत नाही.

हे दाखवणे आपल्या हातात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की लेखी हरकती व सूचना देता येतात. बुद्धविहारात जमणाऱ्या तरुणांनी मोबाइल घेऊन वस्तीपासून घाटापर्यंत चालावे, प्रत्येक अडथळा नकाशावर नोंदवावा आणि तो नकाशा हरकतीला जोडावा. म्हाताऱ्या आईला, लेकराला तिथवर जाता येते का, हेही लिहावे.

मुदत संपल्यावर मोर्चा काढून आराखडा बदलणे कठीण. बांधवांनो, नकाशा आधी वाचा!