आठ कमळांचा गुन्हा

मागच्या वेळी आपण चिनी शाईचित्रांतले डोंगर आणि धुकं पाहिलं. आज फुलं. फुलं म्हटलं की वाटतं, चला, जरा सोपा विषय आला. पण 1974 साली पेइचिंगमध्ये एका चित्रकारावर कमळं काढल्याबद्दल जाहीर आरोप झाला, आणि तोही फुलं मोजून!

हे चित्रकार ली कूचान (1899–1983), थोर चित्रकार ची बायशी यांचे शिष्य. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात पारंपरिक फुलं-पक्षी काढणं संशयास्पद झालं होतं. पुढे परदेशी पाहुणे येऊ लागले, तेव्हा पंतप्रधान चाउ एन लाय यांच्या पुढाकारानं हॉटेलं सजवण्यासाठी जुन्या चित्रकारांना पुन्हा कामं मिळाली. मग माओंच्या पत्नी च्यांग चिंग यांच्या गटानं अशाच चित्रांचं ‘काळी चित्रं’ म्हणून निंदा-प्रदर्शन भरवलं. ली यांच्या चित्रात कमळं आठ. च्यांग चिंग यांनी पुढे आणलेल्या ‘आदर्श’ क्रांतिकारी कलाकृतीही आठ. म्हणजे ही त्यांची टवाळीच, असा निष्कर्ष!

आपल्याला हसू येतं. पण आरोप करणारे अगदीच अडाणी नव्हते, हे लक्षात घ्या. या परंपरेत फूल नुसतं फूल कधी नव्हतंच. सुंग घराण्याची सत्ता 1279 मध्ये मंगोलांच्या हाती गेली. त्यानंतर झेंग सश्याओ यांनी ऑर्किड काढलं ते मातीशिवाय, अधांतरी. देशच गेला, तर रोप रोवायचं कुठे? 1306 सालचं ते छोटंसं चित्र आज ओसाकाच्या संग्रहालयात आहे. कमळाचा अर्थ तर आपल्याला सांगायलाच नको, आपण त्याला पंकजच म्हणतो. चिखलात उगवून निर्मळ राहणारं हे फूल चीनमध्येही सज्जनाचं प्रतीक आहे.

आता हात कसा चालतो ते बघू. या मुक्त शैलीला ‘श्ये-यी’ म्हणतात, म्हणजे मनातला भाव ‘लिहिणं’. श्वेन कागद शाई लगेच पितो. रेघ खोडता येत नाही, वर दुसरा थर देऊन झाकताही येत नाही. कमळाचं पान म्हणजे ओल्या, रुंद कुंचल्याचे दोन-चार फटकारे, आणि देठ एका दमात. हात थबकला की तिथे डाग पसरतो.

त्याच प्रदर्शनात ह्वांग योंग्यू (1924–2023) यांच्यावरही ठपका आला. त्यांच्या घुबडाचा एक डोळा मिटलेला होता, एवढंच! या माणसानं पुढे कमळं काढणं थांबवलं नाही. उलट पेइचिंगजवळच्या आपल्या घराला नाव दिलं ‘वान-ह त्हांग’, दहा हजार कमळांचं दालन. परंपरेत कमळाभोवती कोरा कागद सोडतात. ह्वांग अनेकदा ती जागा गडद शाईनं, रंगानं गच्च भरतात आणि फुलं त्यातून उजळून येतात, लाल, पांढरी, गुलाबी. काहींना हे फार भडक वाटतं. मला नाही वाटत.

आणि फुलं इतकी, की मोजायला बसणाऱ्याची पंचाईत व्हावी.