जुन्या येझदीचे मागचे चाक
म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी नाशिककडे कुणाकुणाच्या अंगणात ती गाडी अजून उभी दिसते. मागच्या चाकाचे आरे बदलायचे तर जुनी गुंफण आधी कागदावर काढून ठेवा. नवे आरे भरल्यावर रिमपाशी खडू धरून चाक फिरवा. खडू लागेल त्याच्या विरुद्ध अंगाचे आरे पाव-पाव फेरा आवळा. उतावळ्याचे हे काम नव्हे. निपलबाहेर आलेली टोके कानशीने घासा, नाहीतर ट्यूब गेलीच.

चाक चढवल्यावर मागच्या टायरला दोन्हीकडून सुतळी टेकवून पुढे ओढा. पुढच्या चाकाशी दोन्ही बाजूंना सारखी फट हवी. या गाडीची चेन झाकलेली. वाकडी झिजली तरी दिसत नाही, आणि दुधाचे कॅन लादून चांदवडच्या घाटात तुटली, तर चाक जागीच अडकू शकते.