काटोल रोडची दोन टोकं

22 मे 2012. नवतपा लागायला तीन दिवस होते. दुपारचे दोन वाजून गेलेले. या वेळेला काटोलात माणूस सावली सोडत नाही, संत्र्याच्या झाडांवर आंबिया बहाराची फळं हिरवी असतात आणि विहिरींचे तळ दिसायला लागलेले असतात. नेमक्या त्या वेळी काटोल परिसरावर आकाशातून दगड पडले. दुसऱ्या दिवशी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं हजर झाली आणि त्यांनी तीसेक तुकडे गोळा केले. सर्वांत मोठा साधारण एक किलोचा होता.

बाहेरून हे गोटे काळे. वातावरणातून येताना त्यांचा वरचा पापुद्रा वितळतो आणि थिजून काळी साल धरतो. आतला दगड मात्र फिकट राखाडी निघतो. तपासणीनंतर या अशनीची नोंद ‘एल 6’ गटात झाली. एल म्हणजे त्या जातीच्या अशनींमध्ये लोह कमी असलेला. 6 म्हणजे आपल्या मूळ लघुग्रहाच्या पोटात इतका शेकलेला, की त्यातले सुरुवातीचे गोल दाणे पुसट होऊन गेले. अशा दगडांचं वय साधारण साडेचारशे कोटी वर्षं, म्हणजे पृथ्वी आणि हे दगड एकाच पिढीचे. कोणाच्या वावरात पडलेला गोटा वयाने सह्याद्रीचा पणजोबा शोभावा, एवढ्यावरच खरं तर थक्क होऊन थांबता आलं असतं. पण काटोलच्या दगडाचा खरा चमत्कार पुढे नऊ वर्षांनी उलगडला.

त्यासाठी आधी आपल्या पायाखाली जावं लागेल. माणसाने आजवर खोदलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, 12,262 मीटर. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर 6,371 किलोमीटर. म्हणजे इतकी वर्षं खपून आपण बारा किलोमीटरच उतरलो. त्याखाली साधारण 660 किलोमीटरपासून 2,900 किलोमीटरपर्यंत खालचं प्रावरण (मँटल) पसरलेलं आहे. तिथलं मुख्य खनिज म्हणजे ब्रिजमनाइट, अख्ख्या पृथ्वीवर सगळ्यांत विपुल असलेलं खनिज, आकारमानाने पृथ्वीचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा. आणि तरीही 2014 पर्यंत त्याला अधिकृत नावच नव्हतं. निसर्गात सापडलेला नमुना हातात असल्याशिवाय खनिजाला नाव द्यायचं नाही असा नियम आहे, आणि तेवढ्या खोलीवरून नमुना आणणार कोण? वर आणता आणता दाब उतरला की त्याची रचनाच मोडते.

तो नमुना शेवटी आकाशातून आला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 1879 साली पडलेल्या टेनहॅम अशनीत ते खनिज सापडलं आणि नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांचं नाव त्याला मिळालं. पण टेनहॅममधल्या खनिजाची घडण पृथ्वीच्या पोटात अपेक्षित असलेल्या घडणीशी पुरती जुळत नव्हती. 2021 मध्ये आयआयटी खरगपूरचे सुजॉय घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटोलच्या तुकड्यांत ब्रिजमनाइट सापडल्याचं जाहीर केलं. प्रयोगशाळेत खालच्या प्रावरणाची परिस्थिती निर्माण करून बनवलेल्या ब्रिजमनाइटशी ते आधीच्या कुठल्याही नमुन्यापेक्षा जास्त जुळणारं निघालं.

ते बनलं कसं? अवकाशात दोन लघुग्रह आदळले. त्या धक्क्यात दगडात केसासारख्या बारीक शिरा क्षणभर वितळल्या, दाब आपल्या हवेच्या दाबाच्या सव्वादोन लाख पटींच्या घरात गेला, आणि तो ओसरायच्या आत तिथे ब्रिजमनाइटचे स्फटिक धरले. मग सगळं इतक्या वेगाने थंड झालं की त्यांना मोडायला उसंतच मिळाली नाही. त्या स्फटिकांतलं बरंचसं लोह जास्त ऑक्सिडित झालेलं निघालं. प्रचंड दाबाखाली खनिजातलं लोह आपसात वाटणी करतं. काही अणू जास्त ऑक्सिडित होऊन स्फटिकातच राहतात, काही धातू होऊन बाहेर पडतात. पृथ्वीच्या पोटात हेच घडत असावं असं शास्त्रज्ञ प्रयोगांवरून म्हणत होते. काटोलच्या दगडातलं प्रमाणही त्या प्रयोगांशी जुळलं.

एक गोष्ट सांगायची तर या सगळ्यात ‘प्रतिभेचा क्षण’ वगैरे फारसा नाही, शिस्त आहे. ती शिस्त बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोराला शिकवतात. दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि 0.03 मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासायची. तेवढ्या पातळ थरातून उजेड आरपार जातो आणि ध्रुवीकृत सूक्ष्मदर्शकाखाली काळाभोर बेसाल्ट एकदम निळा-पिवळा-नारिंगी पेटतो. भूशास्त्राचा विद्यार्थी बहुधा याच दिवशी या विषयात कायमचा अडकतो. काटोलचा दगडही याच वाटेने गेला. फक्त पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले.

आता काटोलहून नागपूरला निघा, साठेक किलोमीटर. शहरात शिरताना हाच रस्ता काटोल रोड म्हणून ओळखला जातो. गिट्टीखदान लागतं, पुढे मॅंगनीज खणणाऱ्या ‘मॉयल’चं मुख्यालय याच रस्त्यावर. बाजूला सेमिनरी हिल्स. तिथे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय आणि खनिज शोधासाठी भोकं पाडणाऱ्या ‘एमईसीएल’चं मुख्यालय. जरा पुढे सिव्हिल लाइन्समध्ये कोळसा काढणारी ‘वेकोलि’ आणि भारतीय खाण ब्यूरो. अमरावती रोडवर मातीचं राष्ट्रीय सर्वेक्षण करणारी संस्था. शिवाय राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचं मुख्यालय, केंद्रीय भूजल मंडळाचं विभागीय कार्यालय, उपग्रहाची चित्रं वाचणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आणि पर्यावरण संशोधन करणारी 1958 पासूनची ‘नीरी’. भूशास्त्राच्या पदवीला नोकरी देणारी इतकी दारं एका शहरात देशात फार कमी ठिकाणी असतील. काटोलच्या पोराला मात्र नागपूर म्हणजे इंजिनिअरिंगचे क्लास, एवढंच बहुतेक वेळा सांगितलं जातं.

आणि ही परंपरा आजची नाही. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आला. शाळा चालवता चालवता तो टाकळीच्या आसपासचे दगड फोडू लागला. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात त्याला गोड्या पाण्यातले शंख-शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. 1855 मध्ये त्याने आणि रॉबर्ट हंटरने नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख छापला. एक ज्वालामुखीचा लोट आणि दुसरा लोट यांच्यामध्ये इथे तळी होती, त्यात जीव नांदत होते, हे त्या शिंपल्यांवरून कळलं. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला.

त्याच लाव्ह्याच्या थरांवर आज काटोलची संत्री उभी आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लोट, एकावर एक. प्रत्येक लोटाचा वरचा भाग फुगलेला, भोकाभोकांचा, झिजलेला. खालचा अभंग काळा पाषाण. दोन लोटांमध्ये कधी लाल मातीचा पट्टा. पाणी सापडतं ते झिजलेल्या भागात आणि भेगांमध्ये. शंभर फुटांवर एकाला दोन इंच पाणी आणि धुऱ्यापलीकडच्या वावरात तीनशे फुटांपर्यंत नुसती धूळ, हे त्यामुळेच होतं. अशा वेळी पाणाड्या येतो, तळहातावर नारळ ठेवतो. भूजलशास्त्रज्ञ येतो तेव्हा एका रेषेत चार खुंट्या ठोकतो. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची, आतल्या दोनमध्ये विद्युतदाब मोजायचा, आणि खुंट्यांतलं अंतर वाढवत जायचं. अंतर वाढेल तशी खोलवरची खबर येते. कोरडा पाषाण विजेला अडवतो, ओला मुरूम जाऊ देतो. अडचण एवढीच की चिकणमातीही जाऊ देते आणि तिच्यातून पाणी सुटत नाही. म्हणून आकडा हाती आला तरी शेजारच्या विहिरीचा थर डोळ्यांनी पाहावाच लागतो. माझ्या मते या विषयातलं सगळ्यांत गरजेचं काम हेच आहे. वरूड-मोर्शीकडे पाण्याची पातळी किती खाली गेली हे काटोल-नरखेडच्या बागाईतदाराला वेगळं सांगायला नको.

पर्यावरणशास्त्राची वाट थोडी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरणाचा एक पेपर आता प्रत्येक पदवीधर देतो आणि बहुतेक जण तो आदल्या रात्री वाचतात. त्यामुळे हा विषय म्हणजे झाडे लावा असा समज पसरलाय. प्रत्यक्षात हे मोजमापाचं शास्त्र आहे. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांची राख पावसात भिजली की तिच्यातलं काय काय विहिरीत उतरतं, किती दिवसांत, कुठल्या दिशेने, याचं उत्तर द्यायला रसायनशास्त्र आणि भूजल दोन्ही यावं लागतं. 2006 च्या अधिसूचनेनुसार खाण, मोठा कारखाना किंवा महामार्ग उभारण्याआधी पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो, आणि तो करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना अशी माणसं लागतात. हे अहवाल किती प्रामाणिक असतात हा वेगळा आणि कडू विषय आहे. ते प्रकल्पवाल्याच्याच पैशाने तयार होतात, एवढं सांगून पुढे जातो.

वाट कशी धरायची? बारावी विज्ञान, मग भूशास्त्र घेऊन बीएस्सी. भौतिक-रसायन सोबत असलं की पुढे दारं जास्त उघडतात. एमएस्सी नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात करता येते, किंवा ‘जॅम’ परीक्षा देऊन पवई, खरगपूरसारख्या आयआयटीत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात किंवा भूजल मंडळात जायचं तर यूपीएससीची ‘कंबाइंड जिओ-सायंटिस्ट’ परीक्षा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचीही पदं असतात. जागा थोड्या निघतात, काही वर्षं फारच थोड्या, आणि तोवर घरचे विचारत राहतात. हे लपवून विषयाची जाहिरात करण्यात अर्थ नाही.

तोवरची पहिली कमाई बहुधा रिगवर होते. कोळशासाठी किंवा मॅंगनीजसाठी यंत्र भोक पाडतं, आतून दगडाचा अखंड दंडगोल वर येतो, तो पत्र्याच्या पेट्यांत क्रमाने रचायचा आणि मीटरमागून मीटर लिहून काढायचा. रंग काय, दाणे केवढे, भेगा किती, कोळसा कुठे लागला, कुठे संपला. यंत्र रात्रीही चालू असतं, त्यामुळे भूवैज्ञानिकही जागा असतो. एक पेटी उलटी ठेवली गेली तर साठ्याचा अंदाज चुकतो आणि करोडोंचा हिशोब बिघडतो. काम कंटाळवाणं आहे, पगार सुरुवातीला बेताचा, कंत्राट वर्षाचं. पण त्या जागी तेवढ्या खोलीवरचा दगड याआधी कोणी पाहिलेला नसतो. पहिला माणूस तो असतो.