टाकी बदलताना विरजण जपा

खाऱ्या पाण्यातले मासे छोट्या टाकीतून मोठ्या टाकीत कसे हलवायचे, असं बऱ्याच जणी विचारतात. आज त्याबद्दलच बोलूया. आधी आमची चूक सांगतो, म्हणजे तुमचं नुकसान टळेल.

न्याहारी-निवासाच्या पडवीत आमच्या गटाने २ फुटी टाकी ठेवली होती. त्यात हॅचरीतून आणलेली ६ क्लाऊनफिशची पिल्लं होती. ती वाढली म्हणून ३ फुटी टाकी घेतली. हलवायच्या दिवशी आम्ही सणाची भांडी घासावीत तसे दगड घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून काढला, पाणीही सगळं नवं भरलं. टाकी आरशासारखी दिसत होती. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागले. चार गेले. पैसे गटाचे होते, त्यामुळे जीवाला फार लागलं.

चुकलं कुठे? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष आहे. दगडांवर, वाळूत आणि स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि त्याचं पुढे नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने कमी घातक असतं, पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, पृष्ठभागाला चिकटून राहतात. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, तिने ते मरतात. दही लावताना दूध नवं, पातेलं नवं चालतं, विरजण मात्र आधीचंच लागतं. टाकीचं विरजण म्हणजे हे दगड आणि हा स्पंज.

आता काम कसं करायचं ते क्रमाने ऐका.

आधी टाकीचं माप घ्या. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा, म्हणजे लिटर कळतात. ९० × ४५ × ४५ ची टाकी सुमारे १८० लिटरची. दगड-वाळू धरून तिचं वजन २०० किलोच्या वर जातं, म्हणून टेबल मजबूत आणि सपाट हवं. गोडं पाणी भरून एक दिवस ठेवा, गळती नाही ना ते पाहा.

नवं खारं पाणी आदल्या दिवशीच तयार करा. मत्स्यालयाचं मीठ एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम घालतात. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. हवेचा पंप लावून ते पाणी रात्रभर ढवळत ठेवा. हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास आकडा हवा. पावसाळ्यात किनाऱ्याचं किंवा खाडीचं पाणी आणू नका, त्यात गोडं पाणी आणि गाळ मिसळलेला असतो.

हलवायच्या दिवशी आधी वीज बंद करा. जुनं पाणी नळीने स्वच्छ बादल्यांत काढा. दगड आणि स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेवा, सुकू देऊ नका. मासे झाकणाच्या वेगळ्या बादलीत ठेवा आणि तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. जुन्या वाळूखाली घाण साचलेली असते, ती ढवळली की विषारी होते. म्हणून वाळू नवी घ्या, किंवा जुनी वाळू जुन्याच खाऱ्या पाण्यात खळबळून घ्या.

नव्या टाकीत आधी दगड तळाच्या काचेवर पक्के बसवा, मग वाळू पसरा. वाळूवर ठेवलेला दगड मासे उकरू लागले की कलंडतो. मग जुनं पाणी, वर नवं पाणी. फिल्टर सुरू करून खारेपणा आणि तापमान (२५ ते २८ अंश) तपासा. मासे सगळ्यात शेवटी: अर्धा तास बादलीत वाटी-वाटी नवं पाणी घालत राहा, मग जाळीने अलगद सोडा.

पहिला आठवडा खाणं कमी द्या आणि अमोनिया रोज तपासा. दिसला तर चौथा हिस्सा पाणी बदला. नवे मासे महिनाभर आणू नका. पाणी आटलं तर गोडंच घाला, ते क्लोरीन नसलेलं हवं. आटतं ते पाणी, मीठ मागे राहतं.

एक सावधगिरी. सजावटीसाठी समुद्रातलं पोवळं किंवा त्याचा दगड आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासून आहे. साधे भाजके मातीचे तुकडेही जिवाणूंना घर देतात. क्लाऊनफिशची पैदास हॅचरीत होते, तेव्हा मासेही समुद्रातून पकडायची गरज नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही दगड तसेच शेवाळलेले ठेवले. पाहुणे म्हणाले, टाकी जरा मळकट दिसते. दिसू दे. उरलेली जोडी आज त्याच दगडाआड अंडी घालते आहे, आणि नर पंखांनी त्यांना वारा घालतो आहे.